आधी दाणावैरण, मग तलवार: ठाण्यात सध्या हातोहात फिरणाऱ्या ऐतिहासिक कादंबऱ्या

ऐतिहासिक कादंबरी कशी आहे हे पाहायचं तर लढाईचं प्रकरण उघडू नका. लढाई कुणालाही लिहिता येते. तलवारी खणखणतात, घोडे खिंकाळतात, एक गर्जना होते आणि पान उलटतं. त्याऐवजी लढाईच्या आधीची वीस-पंचवीस पानं वाचा. त्या घोड्यांना चंदी कुठून आली? फौजेचा पगार किती महिने थकलाय? सावकार कोण, आणि त्याला काय तारण दिलंय? लेखकाला हे ठाऊक असेल तर कादंबरी शेवटपर्यंत धरून ठेवते. ठाऊक नसेल तर शंभराव्या पानापासून सगळी पात्रं भाषणं ठोकायला लागतात.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे मागणी. २०२४ साली शिवराज्याभिषेकाला साडेतीनशे वर्षं झाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट आला, त्याच वर्षी जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. नौपाड्यापासून वाशी-बेलापूरपर्यंत जो तो विचारतोय, ‘ऐतिहासिक काय वाचू?’ आणि उत्तरादाखल सरसकट जाडजूड पुस्तकं हातात ठेवली जातायत. तेव्हा वरची चाळणी लावून, जी खरोखर वाचली जातायत त्यांच्याबद्दल.

पहिला नंबर विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’चा. १९८८ ची कादंबरी, अजूनही तिला तोड नाही. कारण हेच की तिच्यातला खरा शत्रू भूक आहे. इतिहास डोळ्यांसमोर ठेवून वाचा. ऑगस्ट १७६० मध्ये मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ, म्हणजे भाऊसाहेब, दिल्लीत आहेत आणि खजिना रिकामा. बादशाही दिवाणखान्याचं चांदीचं छत उतरवून वितळवलं, त्यातून नऊ लाखांच्या आसपास रुपये झाले. एवढ्या फौजेला ते जेमतेम महिनाभर पुरणार. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा घेतलं, तिथे धान्य हाती लागलं आणि थोडा श्वास मिळाला. पण त्याच सुमारास अफगाण बादशहा अब्दाली बागपतला यमुना उतरून अलीकडे आला आणि दिल्लीची वाट बंद झाली. पुढचे अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि दुआबातून अब्दालीची रसद तोडायचा जो काही प्रयत्न चालला होता तोही संपला. १४ जानेवारी १७६१ ला फौज बाहेर पडली ती उपाशीपोटी. फौजेच्या पाठीशी बुणगे, बायाबापड्या, यात्रेकरू. खाणारी तोंडं लढणाऱ्या हातांपेक्षा जास्त.

ही घसरण पाटील पायरीपायरीने दाखवतात. म्हणून शेवटची लढाई वाचताना निकाल माहीत असूनही छातीत धडधडतं. तक्रार एकच. भाऊसाहेबांची बाजू घेताना लेखक कधीकधी वकीलपत्रच घेतो. होळकरांच्या वाट्याला येणारा संशय आणि भाऊंना मिळणारी सवलत यांचं माप सारखं नाही. त्यावर उतारा म्हणजे त्र्यं. शं. शेजवलकरांचं पानिपतावरचं पुस्तक. ते कादंबरीनंतर वाचा, आधी नको. आधी वाचलंत तर कादंबरीतल्या प्रत्येक संवादाला मनात तळटीप जोडत बसाल.

पानिपत वाचताना एक कसोटी हमखास लावून बघा: बातमी किती दिवसांत पोचते. नानासाहेब पेशवे तेव्हा माळव्यात, भिलशाच्या बाजूला होते. त्यांना पराभवाची खबर लागली सुमारे दहा दिवसांनी, तीही सावकारी पत्रातून. मोती, मोहरा आणि खुर्दा अशा सांकेतिक हिशेबात लिहिलेलं ते पत्र मराठी घरात बहुतेकांना शाळेपासून माहीत असतं. फौजेच्या आधी सावकाराला कळतं, कारण त्याची हुंडी अडकलेली असते! ज्या कादंबरीत पुण्याला दोन दिवसांत उत्तरेची खबर येते, ती बाजूला ठेवा.

‘छावा’बद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सध्या सर्वाधिक विकली जाणारी आणि सर्वाधिक अर्धवट सोडली जाणारी कादंबरी बहुधा हीच. शिवाजी सावंतांनी ती १९७९ मध्ये लिहिली. चित्रपट सुरू होतो बुऱ्हाणपूरच्या लुटीपासून, म्हणजे १६८१ पासून. पुस्तकात मात्र संभाजीराजांचं बालपण, आग्रा, घरातले ताण हे सगळं आधी येतं, आणि सावंत घाई करत नाहीत. चित्रपट पाहून पुस्तक घेणारा वाचक पहिली दोनशे पानं ‘लढाई कधी?’ म्हणत काढतो आणि मग पुस्तक टीपॉयखाली जातं. त्याला दोष सावंतांच्या भाषेचाही आहे. वाक्य अलंकारांनी लडबडलेलं, प्रत्येक उगवतीला सूर्याचं स्तोत्र. ‘मृत्युंजय’मध्ये ही भाषा शोभते, तिथे जग पुराणाचं आहे. इथे दस्तऐवजांचं जग आहे, तिथे ती कधीकधी जड जाते. उपाय सोपा: रोज एक प्रकरण, शक्यतो मोठ्याने. कीर्तनाच्या अंगाने लिहिलेलं गद्य आहे ते. कानाने वाचलं की उलगडतं.

संभाजीराजांवरची कोणतीही कादंबरी पारखायची असेल तर मोगल सरदार दिलेरखानाचं प्रकरण काढा. डिसेंबर १६७८ मध्ये युवराज मोगलांकडे गेले, वर्षभराने पन्हाळ्याला परत आले. मधल्या काळात भूपाळगड पडला. हे पान लेखक कसं ओलांडतो? काही जण सगळं सोयराबाई आणि कारभाऱ्यांच्या माथी मारून मोकळे होतात, काही जण त्याला बापलेकांनी रचलेला डाव ठरवतात. विश्वास पाटलांची ‘संभाजी’ (२००५) आणि ‘छावा’ ही दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून वाचा. तेवढ्याने दोन लेखकांच्या स्वभावातला फरक कळतो. सोबत वा. सी. बेंद्रे यांचं १९६० मधलं चरित्र किंवा कमल गोखल्यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ ठेवा. कादंबरीकारांच्या आधी या संशोधकांनीच राजांवरचे जुने आरोप कागदपत्रांनिशी खोडले होते, हे त्यात लख्ख दिसतं.

रणजित देसाई हा ठाण्या-मुंबईतल्या घरांमधला वारसाहक्काने येणारा लेखक. कपाटात ‘स्वामी’ असतेच, बहुधा आजोबांच्या सहीची. १९६२ ची ही कादंबरी आजही दोन-तीन बैठकांत संपते. माधवराव सोळाव्या वर्षी गादीवर आले आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला क्षयाने गेले, तेव्हा वय सत्तावीस. मधल्या अकरा वर्षांत राक्षसभुवन (१७६३), हैदरावरच्या मोहिमा, धोडपला काका राघोबादादांना कैद (१७६८), आणि डोक्यावर पानिपतानंतरचं कर्ज. शेवटच्या आजारात त्यांनी जी नऊ कलमं करून दिली, त्यांतही कर्ज फेडण्याची काळजी आहे. देसाई या सगळ्याला घराच्या आत आणतात. रमा-माधव, गोपिकाबाई, राघोबादादा, रामशास्त्री यांच्यातल्या बोलण्यातून राज्य दिसतं. आमच्या चाळणीत ‘स्वामी’ तशी अर्धवटच उतरते. पैशाचा ताण जाणवतो, पण हिशेब दिसत नाही. तरीही पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून कुणालाही हीच द्यावी. मोजके संवाद, छोटी प्रकरणं, आणि पात्रांची गर्दी नाही.

‘श्रीमान योगी’ (१९६८) हे वेगळंच प्रकरण. हजाराच्या वर पानं. इथे सल्ला उलटा आहे: आधी नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना वाचा, मग हवं तर कादंबरी. पत्रासारखी लिहिलेली ही प्रस्तावना शिवचरित्राकडे कसं बघावं याचा उत्तम पाठ आहे. वतनदारी, महसूल, धर्म, सैन्य यांचे प्रश्न ती थेट विचारते. ती वाचून कादंबरीकडे वळलं की लक्षात येतं, देसायांनी त्यातले भावनेचे धागे उचलले आणि बरेच कठीण प्रश्न बाजूला ठेवले. ज्यांना रोमांच हवा त्यांना कादंबरी पुरेल. ज्यांना राजा समजून घ्यायचाय त्यांनी प्रस्तावनेची पानं पेन्सिलीने भरून टाकावीत. आणि नवी प्रत घेताना प्रस्तावना पूर्ण छापली आहे ना, एवढं दुकानातच उघडून बघा.

आता ठाणेकरांचा खास लेखक: ना. सं. इनामदार. खास अशासाठी, की ‘झेप’ (१९६३) या त्यांच्या कादंबरीचा नायक त्रिंबकजी डेंगळे, आणि त्रिंबकजीच्या आयुष्यातली सर्वांत थरारक रात्र आपल्या ठाण्यातली. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. ते पुण्याला आले होते ते पेशवे-गायकवाड यांच्यातल्या थकबाकीचा हिशेब मिटवायला. बघा, इथेही मूळ पैशातच. खुनाचा आळ त्रिंबकजीवर आला, इंग्रजांनी दडपण आणून त्याला ताब्यात घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा, म्हणजे कुणी फितूर व्हायला नको. तीच चूक महागात पडली. बिशप हेबर यांच्या प्रवासवर्णनात आणि पुढे इंग्रजी गॅझेटियरांत असं येतं की एक मोतद्दार त्रिंबकजीच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाणी म्हणायचा. गोऱ्यांना मराठी कुठे कळतंय? गाण्यात निरोप होता: झाडीत चोपन्न स्वार, घोडे पंचावन्न, पंचावन्नावा स्वार बसला की दख्खन पुन्हा उभी राहील. सप्टेंबर १८१६ च्या रात्री पंचावन्नावा स्वार पसार झाला. तो किल्ला म्हणजे आजचं ठाणे मध्यवर्ती कारागृह. जेल तलावाकडून जाताना दिसते ती भिंत त्याचीच. आत जाता येत नाही, त्यामुळे कादंबरीवरच भागवावं लागतं.

इनामदारांचं वैशिष्ट्य असं की ते बदनाम माणसं निवडतात. त्रिंबकजी, ‘मंत्रावेगळा’तला दुसरा बाजीराव, ‘झुंज’मधले यशवंतराव होळकर, ‘शहेनशहा’तला औरंगजेब. आणि त्यांना निर्दोष ठरवण्याच्या भरीला न पडता ते कोणत्या कोंडीत होते ते दाखवतात. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातले करार, तैनाती फौजेचा खर्च, इंग्रज रेसिडेंटचे खलिते हे सारं संथपणे उलगडतं. ‘राऊ’ सर्वाधिक खपते, २०१५ च्या चित्रपटामुळे तर आणखीच. पण इनामदार म्हणजे फक्त ‘राऊ’ असं समजणं म्हणजे मिसळीतली नुसती शेव खाऊन उठणं. सुरुवात ‘मंत्रावेगळा’पासून करा, मग ‘झेप’. दोन्हींतला काळ एकमेकांत गुंतलेला असल्याने दुसरी निम्म्या वेळात होते.

एक व्यावहारिक अडचण इथे सांगून टाकायला हवी. पेशवाईवरच्या कादंबऱ्या वाचताना नव्या वाचकाचा गोंधळ उडतो तो नावांत. दोन बाजीराव, दोन माधवराव, आणि ‘भाऊ’, ‘दादा’, ‘नाना’ तर घरटी एक. पुठ्ठ्याच्या खुणेच्या पट्टीवर एवढंच लिहून ठेवा: बाळाजी विश्वनाथांचे मुलगे बाजीराव आणि चिमाजीअप्पा. बाजीरावांचे नानासाहेब आणि रघुनाथराव, चिमाजींचे सदाशिवरावभाऊ. नानासाहेबांचे विश्वासराव, माधवराव, नारायणराव. नारायणरावांचे सवाई माधवराव, रघुनाथरावांचे दुसरे बाजीराव. सहा ओळी होतात, पण ‘राऊ’पासून ‘मंत्रावेगळा’पर्यंत सगळीकडे पुरतात. फडणीस नाना वेगळे आणि पेशवे नानासाहेब वेगळे, हे पट्टीच्या मागच्या बाजूला.

आता ज्या पुस्तकासाठी हा सगळा खटाटोप. नंदा खऱ्यांची ‘अंताजीची बखर’ (१९९७) फार थोडे वाचतात, आणि वाचतात ते इतरांना वाचायला लावल्याशिवाय गप्प बसत नाहीत. काळ अठराव्या शतकाच्या मध्याचा, नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्यांचा. सांगणारा अंताजी: भित्रा, हुशार, खायला-प्यायला सोकावलेला, कुणालाही मोठं न मानणारा. मराठी ऐतिहासिक कादंबरीत बंगाल जवळजवळ नसतोच, कारण तिथे आपण नायक नाही. १७४२ पासून दहाएक वर्षं मराठी घोडेस्वार दरवर्षी तिकडे उतरत होते. कलकत्त्याच्या इंग्रजांनी त्यांच्या धास्तीने खंदक खणला. १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने भास्करराम कोल्हटकरांना बोलणी करायला बोलावून मारलं. १७५१ ला तह झाला तेव्हा वर्षाला १२ लाख चौथाई ठरली. बंगाली आया आजही मुलाला निजवताना जे अंगाईगीत म्हणतात त्यात मराठी स्वार येतात, पाखरं भात खाऊन जातात आणि आता सारा कशाने भरायचा असा प्रश्न असतो. ही बाजू मराठीत विनोदाने, आणि तरी जराही न लपवता लिहिणं ही साधी गोष्ट नाही. खऱ्यांनी ती करून दाखवली.

इथे आमची चाळणी लावायची गरजच पडत नाही, कारण अंताजीच्या नजरेला आधी पैसाच दिसतो. कोण कुणाचा देणेकरी, लूट कशी वाटली जाते, स्वार का लढतो आणि का पळतो. शिलेदार आणि बारगीर यांतला भेद ज्याला कळला त्याला हे पुस्तक जास्त भावेल. बारगिराला घोडा सरकारातून मिळतो. मेला तर दुसरा मिळतो. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, म्हणजे त्याचं सगळं भांडवल. तो घोडा मरू नये म्हणून शिलेदार तोफांच्या तोंडी जायला नाखूश असतो. यात भ्याडपणा काही नाही, साधा हिशेब आहे. दोघांना एकाच मापाने ‘शूर मावळे’ करून टाकणाऱ्या कादंबऱ्या ढिगाने सापडतात. भाषा बखरीच्या वळणाची आहे. पहिली वीस-तीस पानं अडखळाल, मग चालू होते. शाळकरी मुलाला ही देऊ नका. अंताजीची जीभ सैल आहे. पुढचा भाग ‘बखर अंतकाळाची’ मराठी सत्तेच्या शेवटापर्यंत जातो. तो थोडा पसरट आहे, पण पहिला आवडला असेल तर सोडवणार नाही.

गो. नी. दांडेकरांच्या शिवकाळावरच्या पाच छोट्या कादंबऱ्या प्रवासी वाचकाला वरदान आहेत. ‘बया दार उघड’, ‘हरहर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’, ‘हे तो श्रींची इच्छा’. ठाणे लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने वाचता येतील इतक्या सुटसुटीत. गोनीदांचे गड पायाखालून गेलेले असल्याने वाटा, झाडं, वारा अचूक. हिशेब-ठिशेब मात्र त्यांच्याकडे मागू नका. ठाणे-कल्याणच्या वाचकाने ‘दर्याभवानी’ आधी घ्यावी. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि आरमाराची पहिली बांधणी याच खाडीत झाली, ही गोष्ट खाडीपुलावरून रोज जाणाऱ्या माणसाला माहीत असलेली बरी.

हरिभाऊ आपट्यांची ‘उषःकाल’ फुकट आहे. हरिभाऊ १९१९ ला वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे हक्क संपतो, त्यामुळे जुन्या प्रतींची स्कॅन इंटरनेटवर कायदेशीर उतरवता येतात. नाथमाधवांचंही तेच. पण देसाई, सावंत, इनामदार, गोनीदा यांच्या पीडीएफ जे ग्रुपवर फिरवतात ती चोरी आहे, त्यात ‘वाचनसंस्कृती’ वगैरे काही नाही. हरिभाऊंच्या ‘गड आला पण सिंह गेला’मधलं कमलकुमारीचं कथानक रचलेलं आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचा. त्यांच्या लेखणीची ताकद अशी की लोक ते आजही इतिहास म्हणून सांगतात.

नव्या लेखकांची आणखी बरीच पुस्तकं सध्या दुकानांत दर्शनी भागात लावलेली असतात. त्यांच्यासाठी दोन झटपट चाचण्या. पहिली, स्वयंपाकघराची. शिवकाळात उपासाला साबुदाण्याची खिचडी दिसली की पुस्तक मिटा. टॅपिओकाचा साबुदाणा आपल्याकडे विसाव्या शतकातला. सेलमचे कारखाने १९४० च्या दशकातले. पाहुण्यापुढे चहा किंवा बटाट्याची भाजी आली तरी तेच. दुसरी, हंगामाची. मोहीम दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघते आणि पावसाआधी परतते, कारण आषाढात घाट उतरत नाहीत, नद्यांना उतार नसतो आणि तोफा-बंदुकांची दारू भिजते. पावसाळ्यात मोठी फौज हलली तर त्याला कारण द्यावं लागतं. भर श्रावणात कोकणातून घोडदळ दौडत निघालं आणि लेखकाला त्याचं काहीच वाटलं नाही, तर त्याने कॅलेंडरही उघडलेलं नाही.

खरेदीबद्दल. ‘छावा’, ‘मृत्युंजय’, ‘श्रीमान योगी’ यांच्या नकली प्रती स्टेशनाबाहेर आणि काही ऑनलाइन विक्रेत्यांकडेही सर्रास मिळतात. हजार पानांचं पुस्तक दोनशे रुपयांत मिळत असेल तर ते नकलीच. ओळखायच्या खुणा: मुखपृष्ठाचा रंग फिका किंवा लालसर, अक्षर फोटोकॉपीसारखं भुरकट, कागद इतका पातळ की मागच्या पानाचा मजकूर दिसतो, आणि ओळी पानावर किंचित तिरक्या. नकली प्रतीचा खरा मनस्ताप वेगळाच असतो. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधलेलं असतं आणि या मंडळींकडे फर्मा तपासायला कुणी नसतं. मग ४१६ नंतर थेट ४३३ येतं, किंवा एकच फर्मा दोनदा. म्हणून कोणतंही जाड पुस्तक घेताना, अगदी खऱ्या दुकानातही, पानांचे आकडे सोळा-सोळाच्या टप्प्याने चाळा. दोन मिनिटं लागतात. नुसत्या डिंकाने चिकटवलेली जाड प्रत मधोमध उघडून सपाट करू नका, पाठ मोडते. शिलाईची आवृत्ती मिळाली तर पन्नास-शंभर रुपये जास्त मोजा.

विकत घेण्याआधी वाचून बघायचं असेल तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच. १८९३ पासूनची संस्था. वर आलेल्या बहुतेक कादंबऱ्या अशा जुन्या वाचनालयांत मिळतात. एप्रिल-मे सोडून जा. सुट्टीत ‘स्वामी’ आणि ‘छावा’ जागेवर सापडणं कठीण. ‘श्रीमान योगी’सारखं पुस्तक एका मुदतीत संपणार नाही, तेव्हा नेतानाच मुदतवाढीचे नियम विचारून ठेवा.

ऐकणाऱ्यांसाठी: स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी ऐतिहासिक कादंबऱ्या आहेत आणि पनवेल-सीएसएमटी करणाऱ्यांसाठी ती सोय उत्तम. हजार पानं ऐकायला पस्तीस-चाळीस तास धरा, म्हणजे रोज दोन तासांच्या प्रवासात तीनेक आठवडे. संवादप्रधान पुस्तकं, म्हणजे ‘स्वामी’ किंवा गोनीदा, कानांना छान लागतात. ‘पानिपत’ मात्र हातात घेऊनच वाचा. सरदारांची नावं, गावं, नद्या कानावरून नुसती वाहून जातात आणि नकाशा पुढ्यात नसेल तर फौज यमुनेच्या कोणत्या काठाला आहे हेच कळेनासं होतं, आणि त्या लढाईत सगळा घोळ काठाचाच आहे.

कपाटातल्या प्रती सांभाळायच्या तर जून ते सप्टेंबर डोळ्यांत तेल घालून. खाडीकाठच्या हवेत जुन्या कागदाला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायची सवय अनेकांना आहे. पावसाळ्यात ती उलट बाधते, आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पुस्तकं ठासून भरू नका, वाळवलेला कडुनिंबाचा पाला मागे टाका आणि आठवड्यातून एकदा दार तासभर उघडं ठेवा. बुरशी धरलेली प्रत ओल्या फडक्याने पुसू नका. उन्हाची तिरीप येईपर्यंत थांबून कोरड्या मऊ ब्रशने झाडा, नाकाला रुमाल बांधून. आणि जुन्या बाजारात इनामदारांची पहिली-दुसरी आवृत्ती दिसलीच, तर किमतीवर घासाघीस करण्याआधी शेवटची सोळा पानं जागेवर आहेत का ते बघा. बांधणी सुटली की आधी तीच गळतात.